सोबतीची खुर्ची

त्या दुपारी थोरलीने धुतलेले लोकरी मोजे पिशवीत घातले, वडिलांची जुनी शाल घडी करून वर ठेवली आणि नेहमीच्या बसने ती निघाली. काम साधेच होते. वडिलांचे पाय गार पडू लागले होते आणि तिथले मोजे त्यांना टोचत.

गावाच्या कडेला, जिथे रस्ता संपून झाडी सुरू होते, तिथे ते घर होते. बरे होण्याची आशा संपली, की माणसाला तिथे आणत. तिथे वेदना शमवत, अंग पुसत, ओठ ओले ठेवत आणि नातेवाइकांनाही उशापायथ्याशी राहू देत. देहाला संतांनी चार दिवसांचे बिऱ्हाड म्हटले आहे. त्या बिऱ्हाडाची आवराआवर भांड्याला भांडे न लागू देता, कुणाचा पाय न अडखळू देता जिथे होते, असे ते घर. लांब ओसरीला लागून खोल्यांची ओळ, प्रत्येक खोलीत एकच पलंग, एकच खिडकी आणि खिडकीबाहेर काहीतरी हिरवे.

त्या घराची एक रीत होती. प्रत्येक पलंगाजवळ, उशाकडे तोंड करून, एक खुर्ची असे. तिला सोबतीची खुर्ची म्हणत. ती रिकामी राहू द्यायची नाही. नातलग असतील तर नातलग बसत, नसतील तर घरातले कुणीतरी बसे. बसणाऱ्याने आजाऱ्याच्या चेहऱ्यावरची नजर काढायची नाही. म्हणून बदलीला येणाऱ्याने मागून यायचे, बसलेल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि हळूच म्हणायचे, "उठा आता, मी आहे." मग बसलेल्याने "आमचं माणूस तुमच्या हवाली" एवढे म्हणून, मागे वळून न पाहता, खोलीबाहेर निघून जायचे. पाहिले की बोलणे आले, बोलणे आले की रडणे आले, आणि निघालेल्या माणसाच्या वाटेत रडणे आडवे येऊ नये, असे त्या घराच्या मोठ्या बाई सांगत. हे घर त्यांनीच उभे केले होते.

थोरली खोलीत शिरली तेव्हा खुर्चीत तिथली मावशी बसली होती. अंग पुसणे, चादरी बदलणे, आजाऱ्यांना हसवणे ही सारी तिची कामे. थोरलीने तिच्या रुंद खांद्यावर हात ठेवला.

"उठा आता, मी आहे."

"तुमचं माणूस तुमच्या हवाली," म्हणत मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठली. खुर्चीवर हिरव्या रेक्झिनची जाड, जुनी गादी होती. माणूस उठले की ती खोल दबलेलीच राही आणि मग सुस्कारा टाकत सावकाश वर येई. "ही गादी माझ्याच वळणाची आहे. बसते झटकन, उठायला वेळ लावते."

"तू निदान उठतेस तरी," पलंगावरून तिचे वडील, अण्णा, म्हणाले. अण्णांनी जन्मभर एका मोठ्या कचेरीची लिफ्ट चालवली होती. "आयुष्यभर लोकांना वर पोचवलं. आता माझा नंबर आला, तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली."

"अडकू दे की," मावशी दारातून म्हणाली. "वरती काय तुमच्यावाचून खोळंबलंय?"

अण्णा हसले, आणि हसण्याने त्यांना धाप लागली. थोरलीने त्यांच्या पायांत मोजे घातले. पाय लाकडासारखे झाले होते.

"धाकटा येतोय ना?"

"संध्याकाळपर्यंत. गाडीत बसलाय."

"म्हणजे बसायच्या बेतात असेल. जन्मालासुद्धा उशिराच आला तो. सुईण कंटाळून घरी निघून गेली होती." मग त्यांनी नजर छताकडे वळवली. "उशिरा का होईना, येऊ दे."

ते असे का म्हणतात, हे थोरलीला ठाऊक होते. आई गेली ती इस्पितळात, एकटी. त्या दिवशी अण्णांच्या बदलीचा माणूस वेळेवर आला नाही. बदली आल्याशिवाय लिफ्टचे स्टूल सोडायचे नाही, हा कचेरीचा नियम. अण्णा वाट पाहत वर-खाली, वर-खाली करत राहिले. ते पोचले तेव्हा आईच्या पलंगाजवळची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती, कुणी बसलेच नव्हते अशी. त्या खुर्चीचे नाव अण्णांनी घरात कधी काढले नाही. मात्र या घराची रीत ऐकली तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान हलवली होती.

"पोरी," ते आता म्हणाले, "मी निघेन तेव्हा ही खुर्ची भरलेली असू दे. कुणीही असो. पण रिकामी नको."

"मी आहे ना."

"तू आहेसच. तोही असू दे. दोघं जवळ असलात, म्हणजे तुझ्या आईपुढे जायला मला तोंड राहील."

"असू दोघं. शब्द देते."

बाहेर मळकट ऊन होते, ते हळूहळू ओसरले. खिडकीतल्या हिरव्याचे करडे झाले आणि करड्याचे काळे होऊ लागले. दिवा लावण्याइतका अंधार नाही, न लावण्याइतका उजेड नाही, अशी ती वेळ. थोरली मनातल्या मनात देवाचे नाव घेत होती आणि अण्णांच्या श्वासाशी ते जुळवत होती. एक श्वास, एक नाव. मधली जागा दिवसेंदिवस वाढत चालली होती.

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. धाकट्याचा होता. तो फाटकाशी आला होता, आणि संध्याकाळी नात्यातले कुणी आणायला गेल्याशिवाय पहारेकरी नव्या माणसाला आत सोडत नसे. तिने पलंगाशेजारची घंटा दाबली आणि मावशीची वाट पाहत अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

ओसरीवर पाऊल वाजले नाही. दार मात्र किंचित कुरकुरले. एक वास आला, वर्षानुवर्षे बंद पेटीत पडलेल्या लोकरीचा, डांबराच्या गोळ्यांचा. मावशीने कपाटातून जादा कांबळी काढली असावीत, असे थोरलीला वाटले. मग तिच्या खांद्यावर हात पडला.

"ऊठ आता. मी आहे."

आवाज अगदी खालचा होता. फार वेळ न बोललेल्या माणसाचा घसा प्रथम उघडतो, तसा. मावशी बिचारी दिवसभर राबून दमली असेल.

"आमचं माणूस तुमच्या हवाली," थोरली म्हणाली, आणि रीतीप्रमाणे मागे न पाहता, भिंतीच्या कडेने बाहेर पडली. तिच्या मागे गादीचा सुस्कारा नीटसा ऐकू आला नाही. ती वर येता येता कुणीतरी लगेच बसले असावे.

फाटकाशी धाकटा बॅग पायाशी ठेवून उभा होता. केस पिकले होते, पोट सुटले होते. पण तिला पाहताच त्याने लहानपणीसारखी मान खाली घातली.

"गाडी उशिरा आली, ताई."

"गाडी वेळेवर आली असती तरी तू उशिराच आला असतास. चल."

"अण्णा... ओळखतात ना?"

"ओळखतात, आणि टोमणेही मारतात. काळजी करू नको."

ओसरीच्या पायऱ्यांवर तो मधेच थांबला आणि छातीवर हात ठेवून त्याने दोन श्वास घेतले. "काही नाही गं, बॅग जड आहे," तो म्हणाला. तिने बॅग आपल्या हातात घेतली. ती मुळीच जड नव्हती.

वळणावर मावशी समोरून आली. हातात पाण्याचे भांडे, खांद्यावर ओला टॉवेल.

"रागावू नका हं ताई. घंटा ऐकली मी. पण कोपऱ्यातल्या आजींना उलटी झाली, त्यांना तशा टाकून कशी येऊ? ही आत्ता निघालेय."

धाकटा "कुठली खोली? ती उघड्या दाराची?" असे विचारून पुढे गेलाही होता. थोरली जागच्या जागी उभी राहिली.

"मावशी... मग अण्णांजवळ कोण आहे?"

"तुम्ही नव्हता का?"

भांड्यातले पाणी हिंदकळून मावशीच्या पायांवर सांडले, पण तिने ते पाहिले नाही. मग दोघी धावल्या.

धाकटा खुर्चीत बसला होता. अण्णांचा हात त्याने दोन्ही हातांत धरला होता आणि तो रडत होता. पाहणाऱ्याला गहिवरून यावे असेच ते दृश्य होते. पण अण्णा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते. त्यांची नजर त्याच्या डोक्याच्या जरा वर, मागे लागली होती.

"धाकट्या," ते म्हणाले, "ऊठ रे."

"अण्णा, मी आहे. आलोय मी."

"कळलं. पण ऊठ. असं न विचारता बसू नये कुणी..." त्यांनी दम घेतला. "तिच्या मांडीवर बसलायस तू."

धाकटा हसला. म्हाताऱ्या, भ्रमिष्ट माणसाला समजुतीने हसावे तसा. मग त्याचे हसू ओठांवरच राहिले. तो सावकाश उठला आणि दोन्ही हातांनी आपल्या मांड्यांची मागची बाजू चोळू लागला.

"ताई... ही गादी इतकी गार का आहे?"

सगळे गादीकडे पाहत होते. धाकटा उठून भिंतीपर्यंत गेला होता आणि गादी दबलेलीच होती. हिरव्या रेक्झिनमध्ये खोलगट खळगा, त्याच्या कडेला ताणलेल्या सुरकुत्या. मावशीने तोंडावर टॉवेल धरला. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास भरून राहिला होता.

"अण्णा," थोरलीने विचारले, "कोण... आई आहे का?"

"तुझ्या आईला मी ओळखणार नाही का गं?" अण्णांच्या आवाजात भीती नव्हती. जिना चढून आलेल्या माणसाचा थकवा होता. "ही आपल्यातली नाही. मला वाटलं, तूच पाठवलीस."

"काय म्हणते?"

"काही नाही. बसते नुसती. नजर काढत नाही..." मग ते म्हणाले, "पापणीसुद्धा लवत नाही गं तिची."

गडबड ऐकून मोठ्या बाई दारात आल्या होत्या. वयाने वाकलेल्या, पण आवाज करडा. त्यांनी गादीकडे पाहिले, मग थोरलीकडे.

"कुणाच्या हवाली केलंत?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"मागे पाहिलं नाही मी. रीत आहे ना..."

"हो. रीत आहे." बाईंनी पदर सारखा केला. "मग रीतीनंच परत घ्या. बदली आल्याशिवाय इथे कुणी उठत नाही."

खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहण्यास थोरलीला किती वेळ लागला, हे तिला नंतर कधी सांगता आले नाही. तिने देवाचे नाव घेतले. खुर्चीच्या पाठीच्या वर, जिथे बसलेल्या माणसाचा खांदा यावा, तिथे तिने रिकाम्या हवेत हात धरला आणि तो खाली आणला. हाताला काहीच लागले नाही. फक्त तिथली हवा गार होती, दार उघडल्यावर तळघरातून येते तशी.

"उठा आता," ती म्हणाली. "मी आहे."

क्षणभर काही झाले नाही. मग गादी लांब सुस्कारा टाकून, सावकाश, अगदी सावकाश वर आली. दार किंचित कुरकुरले. अण्णांची नजर काहीतरी चालत जावे तशी खोलीभर फिरली. दाराशी न थांबता ती भिंतीशी उभ्या असलेल्या धाकट्यावर येऊन स्थिरावली, आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

थोरली खुर्चीत बसली आणि पुन्हा उठली नाही. धाकटा अण्णांच्या पायथ्याशी बसून राहिला, लोकरी मोज्यांवरून हात फिरवत. दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीतून स्वच्छ ऊन पलंगावर आले तेव्हा अण्णांनी डोळे उघडले. आधी थोरलीकडे, मग धाकट्याकडे पाहिले.

"दोघं आहात," ते म्हणाले.

"आहोत अण्णा."

"बरं झालं." त्यांचा उजवा हात अंथरुणावर किंचित हलला. लिफ्टचा दांडा फिरवत तसा. "सुटली बघ."

एक श्वास, एक नाव. मग नावच उरले.

असे मरण मागून मिळत नाही, असे मावशी डोळे पुसत म्हणाली, आणि ते खरेच होते. दिलेला शब्द पुरा झाला होता. थोरलीच्या मनात त्या सकाळी भीती उरली नव्हती. आदल्या संध्याकाळचे सारे तिला दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातले वाटत होते.

निघताना मोठ्या बाईंनी तिला ओसरीच्या टोकाला नेले. धाकटा पायरीवर बॅग घेऊन बसला होता, त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्या बोलल्या.

"या घरातली खुर्ची कधी रिकामी राहिली नाही, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानानं सांगत आले. पण माणसं आमच्याकडे नेहमीच कमी. खोल्या भरलेल्या, हात मोजके. मग ती रिकामी राहिली नाही ती कशी... हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. कुणीतरी बसतंय, एवढं पुरे होतं मला."

"ती वाईट आहे का बाई?"

"वाईट असती तर अण्णा भ्याले असते. सोबत करते ती. तिला दुसरं काही येत नसावं." बाईंनी पायरीकडे पाहिले. "तुम्ही अण्णांना परत मागून घेतलंत. भावानं मात्र काही मागितलं नाही, काही सांगितलं नाही. नुसता जाऊन बसला."

"त्याला रीत ठाऊक नव्हती."

"नव्हती ना. बिचारा." एवढेच म्हणून बाई वळल्या. मग पुन्हा थांबल्या. "लक्ष असू द्या त्याच्याकडे."

सारे विधी उरकून बहीणभाऊ टॅक्सीने थोरलीच्या घरी निघाले तेव्हा दुपार कलली होती. मागच्या बाकावर धाकटा दाराशी अगदी चिकटून, अंग चोरून बसला होता. दोघांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी होती.

"नीट बस की," थोरली म्हणाली. "एवढी जागा आहे."

"असू दे गं."

"पडशील दारातून."

"ताई, असू दे म्हटलं ना," तो म्हणाला. मग जरा ओशाळून, "दमलोय मी."

घरी पोचल्यावर तो न जेवताच मागच्या खोलीत जाऊन आडवा झाला. थोरली एकटीच राहत असे. शिवणावर तिचे घर चाले, आणि पुढच्या खोलीत खिडकीशी तिचे शिवणयंत्र होते. आता रडायला मोकळीक होती, पण रडू येईना. तेव्हा काहीतरी हाताला काम हवे म्हणून तिने अण्णांच्या शालीची उसवलेली कड शिवायला घेतली. दोरा ओवला, दिव्याची मान वळवली आणि बसायला म्हणून मागे हात नेला.

यंत्रापुढची खुर्ची तिथे नव्हती.

धाकट्याने कपडे टाकायला नेली असेल, असे तिने स्वतःला सांगितले. बाहेर रस्त्यावर माणसांची ये-जा होती, कुणीतरी मोठ्याने हसत होते, उजेड भरपूर होता. ती मागच्या खोलीच्या दाराशी गेली. दार ढकलण्यापूर्वीच तिला वास आला. बंद पेटीतल्या लोकरीचा. तिच्या घरात डांबराच्या गोळ्या कधीच नव्हत्या. त्या वासाने तिला शिंका येत.

धाकटा पाठीवर झोपला होता. चेहरा शांत, ओठ जरासे उघडे. श्वास चालू होता. एक श्वास, मग थोडी जागा, मग दुसरा. खुर्ची पलंगाजवळ होती, उशाकडे तोंड करून. तिच्यावर थोरलीनेच शिवलेली कापसाची फुगीर गादी होती. ती मधोमध खोल दबली होती आणि तिच्या चारी कडा वर आल्या होत्या.

"धाकट्या," तिने हाक मारली.

तो जागा झाला नाही. झोपेतच त्याने हात पलंगाच्या कडेवरून बाहेर काढला आणि तळवा उताणा करून हवेत तसाच ठेवला. कुणी धरून ठेवल्यासारखा तो तिथेच राहिला, खाली पडला नाही.

थोरली खुर्चीच्या मागे गेली. रीत तिला आता पाठ होती. तिने देवाचे नाव घेतले आणि हात खाली आणला. या वेळी तो हवेत राहिला नाही. तळव्याला लोकर लागली, खरखरीत आणि दमट, आणि लोकरीखाली हाडांचा अरुंद खांदा.

"उठा आता," ती म्हणाली. "मी आहे... मी आहे त्याची. उठा."

गादी वर आली नाही. तिच्या तळव्याखाली तो खांदा किंचित हलला. कामात गढलेले माणूस, मागे न पाहता, खांद्यावरचा हात झटकते, तसा.